लॅपटॉपखालचे पंखे

(आखाडा बाळापूर, २०१० सालचा मार्च, शुक्रवारची दुपार. ऐश्वर्या घरात लॅपटॉपसमोर बसली आहे. तिचा नवरा बंटी कतारला, कामगारांच्या खोलीत. दोघं नेटवरून बोलताहेत.)

ऐश्वर्या : न्हाई म्हणलं ना, आज कोणीच न्हाई घरी. कितीदा इचारता? मी एकलीच हाय.

बंटी : आई कुठं गेली?

ऐश्वर्या : आत्याबाई, मामंजी, तुमचे तातेराव काका, सारे जवळा बाजारला गेले. साखरपुडा हाय न्हाई का काकूंच्या भाचीचा. जीप करून गेले.

बंटी : मंग तू काहून न्हाई गेली?

ऐश्वर्या : शेळी व्यायला झाली म्हणून सांगितलं.

बंटी : झाली का?

ऐश्वर्या : कुठली! तिला लई टाइम हाय अजून.

बंटी : आयला, आईला फसवलं तू?

ऐश्वर्या : व्हय, फसवलं. हसू नका. शुक्रवारची तुमाला सुट्टी, अन् शुक्रवारीच घर रिकामं. असं कवा भेटतं?

बंटी : बरं बरं. मंग बोल लवकर. आत्ता गरम होईल ते डबडं अन् बसंल बंद पडून. दर वेळचंच हाय त्याचं.

ऐश्वर्या : आज न्हाई पडत.

बंटी : दुरुस्त केलं?

ऐश्वर्या : त्याला काही झालंच नव्हतं. खाली पंखे लावले त्याच्या.

बंटी : कूलिंग पॅड? तुला कोणी सांगितलं?

ऐश्वर्या : हिंगोलीला गेलते दाढ दाखवायला, तवा दुकानात शिरले. काळी पाटी हाय अशी, वरून जाळी, आत दोन पंखे. वायर ल्यापटॉपलाच खुपसायची. आवाज येऊन राहिला का?

बंटी : घूं घूं येऊन राहिलं कवाचं. मला वाटलं आमच्या खोलीतला एसी बिघडला.

ऐश्वर्या : तो दुकानवाला म्हणला, ताई, ठेवता कशावर? मी म्हणलं, गोधडीवर. तर त्यानं कपाळाला हात लावला. म्हणे, खालून हवा घ्यायची छिद्रं तुमीच बुजवता अन् तुमीच म्हणता गरम होतं.

बंटी : बराबर हाय त्याचं. गोधडीवर कोण ठेवतं ल्यापटॉप? टेबल हाय ना घरात.

ऐश्वर्या : तुमी दिसता न्हाई का त्यात. आत्याबाई म्हणतात, लेकरू इतक्या लांबून आलं, त्याला काय लाकडावर बसवायचं? पाव्हण्यासाठी ठेवलेली नवी गोधडी काढतात, घड्या घालतात, त्याच्यावर तुमी. खिडकीतून ऊन येतं म्हणून पाठीवर टॉवेल.

बंटी : कोणाच्या पाठीवर?

ऐश्वर्या : त्याच्या. तुमच्या. तेच ते.

बंटी : अगं मंग आईला सांगायचं, पंखे आणले म्हणून. दर शुक्रवारी लावत जा.

ऐश्वर्या : न्हाई सांगत. पेटीत ठेवते मी हे, साड्यांच्या खाली.

बंटी : काहून?

ऐश्वर्या : काहून म्हंजे? आता निदान ते बंद पडल्यावर लोक उठून तरी जातात. हे लावलं तर ते पडणारच न्हाई बंद. मामंजी बोलतील, आत्याबाई बोलतील, तातेराव काका तिकडच्या पेट्रोलचा भाव इचारतील, शेजारच्या कमलबाई त्यांच्या जावयाला काम लावा म्हणतील, अन् पहिल्यापासून परत मामंजी.

बंटी : तुझा बी नंबर येतोच की.

ऐश्वर्या : कवा आला? सांगा ना. आधी मोठ्यांचं. मी चहा टाकते. साऱ्यांना कप देऊन येऊन बसते, पदर नीट करते अन् म्हणते, जेवले का? तुमी म्हणता, व्हय, तू? की फटकन सारं काळं. लग्न करून तुमी गेले तवापासून मी तुमाला जेवले का, एवढंच इचारलं.

बंटी : बरं, मंग आता बोल. काय बोलायचं ते बोल.

ऐश्वर्या : थांबा. आठवू द्या. लई होतं.

बंटी : आठव.

ऐश्वर्या : मिशी काहून काढली तुमी?

बंटी : आता? दिवाळीतच काढली ती.

ऐश्वर्या : मला तवाच इचारायचं होतं.

बंटी : घामानं खाज यायची. हेल्मेट घालावं लागतं दिवसभर. परत ठेवू का?

ऐश्वर्या : ठेवा. घरी याल तवर येईल. जयंतीला येणार ना?

बंटी : आवाज तुटून राहिला तुझा.

ऐश्वर्या : तुमचा तर चांगला येऊन राहिला. जयंतीला येणार ना म्हणलं. चौदा एप्रिलला. जाताना सांगून गेलते तुमी.

बंटी : लाइन हाय का तिकडं? बॅटरी बघ किती राहिली.

ऐश्वर्या : लाइन हाय.

बंटी : गरम तर न्हाई झालं? हात लावून बघ एकदा.

ऐश्वर्या : गार हाय. हात लावूनच बसले मी. तुमी बोला.

बंटी : आईनं सांगितलं न्हाई का तुला?

ऐश्वर्या : काय?

बंटी : मी सही केली इथं. अजून दोन वर्षांची.

बंटी : ऐश्वर्या? चित्र अडकलं का? हॅलो?

ऐश्वर्या : न्हाई अडकलं. मीच हालून न्हाई राहिले.

बंटी : मला वाटलं तुला मालूम असंल.

ऐश्वर्या : घरी कवा सांगितलं?

बंटी : झाले दोन-चार शुक्रवार. बाबांना इचारलं, ते म्हणले कर. आई रडली थोडी. काका होते, कमलबाई होत्या. मला वाटलं तू बी तिथंच मागं हायस.

ऐश्वर्या : मी चहा टाकून राहिले होते.

बंटी : हां.

ऐश्वर्या : म्हणून परवा हपशीवर कमलबाई म्हणल्या, धीर धर पोरी, दिवस जातात. मला वाटलं दाढेचं म्हणून राहिल्या. मी म्हणलं, काढून टाकली की, आता काही तकलीफ न्हाई.

बंटी : हे बघ, सुपरवायझर करतो म्हणले मला. वर चढायचं काम न्हाई, उन्हात उभं राहायचं न्हाई. मी सोडलं असतं तर दुसरा कोणी तयारच होता. असं परत भेटत न्हाई. तुझ्यासाठीच केलं ना मी.

ऐश्वर्या : माझ्यासाठी केलं तर मला इचारलं काहून न्हाई?

बंटी : इचारलं असतं तर न्हाई म्हणली असती तू.

ऐश्वर्या : व्हय म्हणले असते.

बंटी : आता म्हणतेस तू.

ऐश्वर्या : खरंच. तुमचं ऊन चुकत असंल तर काहून न्हाई म्हणीन? रडले असते, मंग व्हय म्हणले असते. पण मला सांगायला तर पाहिजे होतं. साऱ्या गल्लीला मालूम, अन् मीच एक येडी. जयंतीसाठी पांढरी साडी आणली, बसून फॉल लावून राहिले तिला. आत्याबाई बघत होत्या. एका शब्दानं बोलल्या न्हाईत. मला लई राग आला, बंटी.

बंटी : काय म्हणली?

ऐश्वर्या : नाव घेतलं तुमचं. आला राग. दुसरं काय म्हणू?

बंटी : चुकलं माझं.

ऐश्वर्या : व्हय, चुकलं.

बंटी : खरं सांगू? दर शुक्रवारी ठरवायचो, तू समोर आली की सांगून टाकायचं. अन् तू आली की ते बंद पडायचं. मला हायसं वाटायचं. म्हणायचो, चला, पुढच्या शुक्रवारी.

ऐश्वर्या : अन् मी इकडं त्या गोधडीला शिव्या देऊन राहिले.

बंटी : तू तिकडं एकली, मी इकडं एकला. खोलीत आठ जण हायत, पण कोणाशी काय बोलणार? सारे झोपून राहतात शुक्रवारी. तुझ्याशी बोलायचं तर हे एक पोटात. म्हणून बोलणंच नको वाटायचं.

ऐश्वर्या : मला तर तेवढंच पाहिजे होतं. बोलणं.

बंटी : मंग आता बोल ना. लई होतं म्हणली ना तू.

ऐश्वर्या : सरलं. हे एकच होतं. बाकीचं सारं त्याच्याच मागचं. तुमी आल्यावर कुठं जायचं, काय करायचं, माझ्या माहेरी किती दिवस राहायचं. ते आता काय बोलू?

बंटी : मंग ठेवू?

ऐश्वर्या : न्हाई. ठेवू नका. ते लोक दिवस बुडल्यावर येतील. मी भाकर टाकते. सकाळपासून काही खाल्लं न्हाई मी, तुमी भेटणार म्हणून. तुमी काही बोलू नका. निसते बसा तिथं.

बंटी : निसता बसून काय करू?

ऐश्वर्या : बसा. घरात कोणी बसलं हाय असं वाटंल मला. तुमाला उचलून आत नेते. चित्र जरा तुटंल आत आल्यावर. दिसून राहिलं का?

बंटी : दिसून राहिलं. कुठं हायस तू? ही कोणाची खोली?

ऐश्वर्या : आपलीच. स्वयंपाकाची.

बंटी : उभी काहून हायस मंग? चूल कुठं गेली?

ऐश्वर्या : चूल काढली की. गॅस घेतला, वट्टा बांधला. संक्रांतीच्या आधीच झालं ते.

बंटी : अन् ती काळी भिंत?

ऐश्वर्या : पांढरी केली. आता उभ्यानं करते मी सारं.

बंटी : मला कोणी सांगितलंच न्हाई.