धामापूरचा पत्ता

शेवंतीआजीचं तुम्हाला कधी सांगितलं नाही ना? बेघर माणसांना दवाखान्यात नेणं हे माझं काम, आणि ही मालवणच्या एसटी स्टँडवर राहायची. डायबेटिसमुळे पायाची जखम सडत चालली होती. तरी आठ महिने एकच म्हणायची, "माका खंयच येवचां नाय." शेवटी कशीबशी तयार झाली.

डॉक्टर म्हणाले, "पाय कापावा लागेल. नातेवाइकाची सही आणा."

तेव्हा कुठे तिने पत्ता सांगितला. धामापूर, तळ्याच्या वरची वाडी, मुलाचं घर.

मी तशीच धावले. मुलगा दारातच म्हणाला, "आवस? तिचो बारावो करून तीन वर्सां झाली." त्याच्यामागे भिंतीवर तिचा हार घातलेला फोटो होता. "अहो, तुमची आई जिवंत आहे," म्हटलं, तर त्याने दार लावून घेतलं.

परत आले. आजीने विचारलं, "गावलो?"

"घराला कुलूप होतं, आजी."

ती म्हणाली, "त्या दाराक कुलूप लावूक कोयंडोच नाय गो. सही तूच कर."