माल दाणाभर, हमाली पोतंभर

...आणि वर ती पैसे बदलून देणारी पोरगी, सोमकेने, मलाच म्हणते, "ओबीचे पप्पा, आता सगळ्यांना ताडी पाजा, तुमच्या फोनमधला कचरा बंद झाला." कचरा म्हणे. तुम्हाला सांगतो, सत्तरी ओलांडली माझी, या आरियारिया बाजारात बूट शिवता शिवता पाठीची कमान झाली, पण कचरा बंद झाला म्हणून कुणाची बायको जेवायची थांबली असं मी कधी ऐकलं नव्हतं. ते आमच्याच घरात व्हायचं होतं. आणि कशापायी? हमालीपायी. माल दाणाभर आणि हमाली पोतंभर, हा न्याय ज्या गाढवानं काढला तो मला एकदा भेटू दे, त्याला मी माझ्या हातानं बूट शिवून देतो आणि तोच बूट त्याच्या... असो. बायाबापड्या ऐकताहेत.

थांबा, पहिल्यापासून सांगतो, नाहीतर म्हणाल म्हातारा तापात बडबडतोय.

आमच्या घरी फोन एकच, त्यात एक पाकीट आहे. चामड्याचं नव्हे, चामड्याचं तर मी शिवतो. हे पाकीट दिसत नाही, आणि त्यातले डॉलर, तेही दिसत नाहीत. बुटांचे तळवे आणि रेक्झिन येतं चीनमधून, तो चिनी व्यापारी आमच्या नायजेरियाच्या नायराला हात लावत नाही, म्हणून आमच्या अबा शहराचा अख्खा बाजार त्याला हे भुताचे डॉलर पाठवतो. पाठवायचे म्हणजे त्याचा पत्ता घालायचा, आणि पत्ता कसा, तर शाईत पाय बुडवून कोंबडी कागदावरून पळाली की उमटेल तसा, लांबलचक, अर्थ शून्य. शिवाय पाठवणाऱ्यानं हे डॉलर वाहून नेणाऱ्या नेटवर्कच्या जाळ्याला फी द्यायची. फी म्हणजे हमालीच हो, दुसरं काय? पण तेव्हा हमाली नावाला होती. हे सगळं मला बसवून दिलं ओबीनं.

ओबी म्हणजे ओबियाजुलु, माझा मुलगा. एकुलता एक. आमच्याकडे पोरगं झालं की बापाचं नाव मोडीत निघतं. मला माझं नाव आठवायचं तर मतदार कार्ड शोधावं लागतं. दिवसभर जो येतो तो म्हणतो, "ओबीचे पप्पा, टाच निघाली," "ओबीचे पप्पा, ही जोडी परत घ्या, चावते," "ओबीचे पप्पा, सरका तिकडे." आता सांगा, असल्या बाजारात एखाद्याला पोराची आठवण नको असेल तर त्यानं कान कापून ठेवावेत का?

तर ओबीला कुणीतरी सांगितलं, पूर्वेकडच्या एका देशात कॉम्प्युटरचं काम आहे, खोली फुकट, जेवण फुकट. मी म्हटलं, "फुकट जेवण कोंबडीला मिळतं. कशासाठी मिळतं ते कोंबडीला विचार." हसला. "पप्पा, तुम्ही ना..." एवढंच म्हणाला आणि गेला. पोचल्यावर एकदा फोन आला, आवाज नेहमीचा नव्हता, आणि मग तो नंबरच बंद.

आता आमच्या घरची रीत ऐका, कारण सगळी गंमत तिथंच आहे. गंमत कसली, नरडं दाबलंय त्या गमतीनं. ओबी लेगॉसला होता तेव्हा आम्ही फोन उचलत नसू. उचलला की पैसे जातात. त्यानं मिस्ड कॉल द्यायचा, आणि तोही दोनदा. एक मिस्ड कॉल कुणाचाही चुकून येतो. दोन म्हणजे ओबी. दोन म्हणजे ठीक आहे, जेवलोय. आणि कधी द्यायचा, तर न्क्वोला. तुमचा आठवडा सात दिवसांचा, आमचा चारांचा: एके, ओरिए, आफो, न्क्वो, की परत एके. आमच्या गावचा बाजार न्क्वोला. त्या दिवशी ओबीची आई फोन लुगड्याच्या गाठीत बांधून फिरायची, दोनदा वाजलं की म्हणायची, "जेवला," आणि मग स्वतः ताटावर बसायची. ती आधी जेवलीय असं एकदाही झालं नाही.

बरं. ओबीचा नंबर बंद झाल्यावर काही महिन्यांनी त्या पाकिटात दाणे पडायला लागले. दाणे म्हणजे डॉलरचा चुरा, इतका बारीक की त्यात गारीचा, आमच्या कसाव्याच्या रव्याचा, एक दाणासुद्धा येणार नाही. आज कुणी अनोळखी टाकतोय, उद्या दुसरा, परवा पाच जण. मी सोमकेनेकडे गेलो. सोमकेने म्हणजे छत्रीखाली टेबल टाकून बसते ती, भुताचे डॉलर घेते, खरे नायरा देते, आणि सोबत टोमणे फुकट.

"स्पॅम आहे, पप्पा. चोरांचं आमिष."

"चोर कधीपासून पैसे द्यायला लागला?"

"तुमचा चिनी व्यापारी आहे ना, त्याच्या पत्त्यासारखाच दिसणारा पत्ता हे बनवतात. तोंड तेच, शेपूट तेच, पोट वेगळं. तिथून तुम्हाला चुरा पाठवतात. मग एक दिवस तुम्ही आळस करता, जुन्या व्यवहारांच्या यादीतला पत्ता तसाच उचलता, आणि सगळे पैसे चोराच्या घशात."

"मी आळस करत नाही."

"तुम्ही चष्मासुद्धा लावत नाही."

खोटं कशाला बोलू, मला सुरुवातीला मजाच वाटली. चोर मला पैसे देतोय आणि हमालीही तोच भरतोय, अजून काय पाहिजे? पण एके दिवशी ओबीची आई फोन घेऊन दुकानात आली, धावत, एका पायात चप्पल. "बघा. आज दोन आले. पाठोपाठ." मी म्हटलं, "मग? काल सात आले होते." ती म्हणाली, "आज न्क्वो आहे."

पुढच्या न्क्वोला परत दोन, पाठोपाठ, एकाच पत्त्यावरून. त्याच्या पुढच्या न्क्वोला परत. सोमकेनेला सांगितलं तर म्हणते, "मशीन पाठवतं हो ते." मी म्हटलं, "पोरी, कुठल्या मशीनला न्क्वो कळतो? बँकेला न्क्वो माहीत नाही, सरकारला नाही, तुझ्या या फोनच्या कॅलेंडरात नाही. समुद्रापलीकडे बसून कोण मोजतंय एके, ओरिए, आफो, न्क्वो?" तिनं समोरच्या नोटा परत मोजायला घेतल्या.

मग शेजारच्या गावचा तोबेना परत आला. त्याच देशातून, कशीबशी सुटका होऊन, अर्धा झालेला. मी जाऊन बसलो त्याच्यापुढे. म्हणाला, "काका, उंच भिंत आहे. गेल्या गेल्या फोन काढून घेतात. मग दिवसभर बसून जगभर हा चुरा पाठवायचा, कमी पाठवला तर मार." मी विचारलं, आमच्याकडचा कुणी होता का? तर म्हणे, "दुसऱ्या हॉलमध्ये एक अबाचा होता. नाव घ्यायला मनाई असते. पण पहारेकऱ्यांचे फाटके बूट शिवून द्यायचा, म्हणून मार जरा कमी खायचा." मी विचारलं, "टाका कसा घालतो?" तो म्हणाला, "दुहेरी, काका. एकदा घालून परत त्याच भोकातून." तो टाका या बाजारात आता कुणी घालत नाही. वेळ जातो, पैसे मिळत नाहीत. मी शिकवलेला आहे.

म्हणजे बघा, जग ज्याला स्पॅम म्हणतं तो माझा मुलगा होता. हजार चोरट्या दाण्यांतून तो आपले दोन दाणे सोडत होता, मारणाऱ्यांच्या नाकाखालून, त्यांच्याच हमालीवर. दोन मिस्ड कॉल. ठीक आहे, जेवलोय. पोलिसांना सांगितलं, तो साहेब म्हणाला, "बाबा, दाणे दाखवून मी कुणाला पकडू?" म्हटलं ठीक, कोंबडी तरी दाणे बघून धावते.

आणि नेमका त्याच सुमारास उझोमा बुडाला. उझोमा माझ्या शेजारचा गाळेवाला, तळवे विकतो, आळशी नंबर एक. यादीतला पत्ता उचलला, तोंड बघितलं, शेपूट बघितलं, पोट बघितलंच नाही. सगळ्या हंगामाचे पैसे गेले. रडला बिचारा, गाळ्याच्या पायरीवर बसून. मग बाजाराच्या संघटनेची सभा भरली, आणि उझोमा म्हणाला, "कोला फोडा, आणि या स्पॅमवाल्यांना शाप द्या." कोला म्हणजे बाटलीतला नव्हे, झाडाचा, कडू बियांचा. तो फोडून जे मागू ते पूर्वजांपर्यंत पोचतं, मात्र मागायचं आमच्या इग्बो भाषेत, कोलाला दुसरी भाषा कळत नाही. आणि फोडायचा कुणी? सभेतल्या सर्वांत म्हाताऱ्यानं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

तुम्ही सांगा, काय करायचं? बाजूला उझोमा, डोळे सुजलेले. त्याचंही खोटं नव्हतं. मी कोला हातात घेतला. म्हटलं, "जे या चोरीवर जेवतात, त्यांची पोटं फुगू देत." सगळे म्हणाले, "इसेऽ." आमचं तथास्तु ते. उझोमा म्हणाला, "आणि दाणे टाकणाऱ्यांचे हात झडू देत, तेही म्हणा." मी म्हटलं, "हात नको."

"का नको? हातांनीच तर टाकतात."

"हातांना उपयोग असतो. हात असू देत. त्यांचे पाय घराकडे वळू देत, त्यांच्या आयांना ते दिसू देत."

"ओबीचे पप्पा, शाप देताय की बाळाचं नाव ठेवताय?"

सगळे हसले. मला घाम. आता काहीतरी कडक म्हणायलाच हवं, म्हणून मी म्हणून बसलो, "बरं, हा कचरा बंद होऊ दे. फोनमध्ये परत न दिसो." आणि कोला फोडला. "इसेऽ," अख्खा बाजार गरजला.

कोलानं ऐकलं. पण कसं ऐकलं? पोटं फुगायचं नाही ऐकलं, पाय वळायचं नाही ऐकलं. शेवटचं तेवढं ऐकलं. बहिऱ्या सासऱ्यासारखा, नको तेच बरोबर ऐकतो.

थोड्याच दिवसांत सोमकेने नाचत आली. त्या जाळ्याच्या लोकांनी हमाली वाढवली म्हणे. का, तर कचरा फार झाला, रस्ता तुंबला, चोरांना दाणे टाकणं परवडू नये. परवडू नये! चोराला काय न परवडणार? चोरानं हिशोब केला, दाण्यांत नफा नाही, दुसरं काहीतरी करा. तोबेनाला विचारलं, मग दाणे टाकणाऱ्यांचं काय करतात? तो म्हणाला, "दुसऱ्या कामाला लावतात, काका. नाहीतर दुसऱ्या मालकाला विकतात." मी उठून घरी आलो.

पुढच्या न्क्वोला ओबीची आई गाठीत फोन बांधून बसली. दुपार झाली. संध्याकाळ झाली. बाहेर उझोमा ताडी वाटत होता, कचरा गेला म्हणून. आत तिनं ताट झाकून ठेवलं. त्याच्या पुढच्या न्क्वोला परत झाकलं. मी ओरडलो, "अगं, हमाली वाढलीय, त्याचा तो काय दोष? जेव मुकाट्यानं." ती म्हणाली, "तुम्ही जेवा. मला भूक नाही." चार दिवसांचा आठवडा तेव्हा मला फार लहान वाटायला लागला, तुम्हाला सांगतो. सात दिवसांचा असता तर बाई निदान थोडी दमानं वाळली असती.

शेवटी मी गेलो सोमकेनेकडे. म्हटलं, "मला दुसरं पाकीट काढून दे. आणि त्याचा पत्ता असा बनव की तोंड ओबीच्या त्या दोन दाण्यांच्या पत्त्यासारखं, शेपूटही तसंच."

"पप्पा, हाच तर चोरांचा धंदा."

"मग तुला माहीतच आहे कसा करायचा."

"आणि पाठवायचं कुणाला?"

"घरच्या फोनला. दोन दाणे. न्क्वोला."

तिनं फोन पुढ्यात ओढला. कधी नव्हे ते टोमणा मारला नाही, आपलं कमिशनही घेतलं नाही. पण जाळ्याची हमाली कुठं सुटते? दोन दाण्यांच्या हमालीत एक लहान मुलाची सँडल गेली, बकलासकट. माल दाणाभर, हमाली पोतंभर. रस्त्यावर हातगाडी ओढणाऱ्यानं असा दर सांगितला असता तर मी त्याला गाडीसकट उलटा केला असता. इथं कुणाला उलटं करू?

त्या न्क्वोला फोन दोनदा वाजला. तिनं गाठ सोडली, बघितलं, बराच वेळ बघितलं. मग म्हणाली, "जेवला." आणि ताटावरचं झाकण काढलं. मी बाहेर जाऊन उगाच एका धडधाकट बुटाला टाके घातले.

तेव्हापासून दर न्क्वोला हे चाललंय. ओबीच्या त्या खऱ्या पत्त्यावरून एक दाणा नाही. मी रोज बघतो, चष्मा लावून, पोटासकट. नाही.

परवाच्या न्क्वोला ती गारी मळत होती. माझ्याकडे न बघता म्हणाली, "अहो, हमाली फार वाढलीय ना म्हणे? ओबीला सांगा, दोन कशाला, एकच पाठव. मी जेवीन एकावरही."

मी म्हटलं, "सांगतो." ती म्हणाली, "आणि तुम्हीही जेवा. न्क्वोला सँडल विकून उपाशी बसता."

पण एक नाही पाठवणार मी. एक कुणाचाही असतो, चुकून आलेला. दोनच पाठवणार, माल दाणाभर आणि हमाली पोतंभर तर तसंच. लोकांची पोरं बापाचा धंदा पुढे चालवतात. आमच्यात बाप पोराचा चालवतोय.