अंबादासाचा उजवा हात

मंडळी, जरा सरकून बसा, मागच्यांनाही दिसू द्या. मला एक सांगा — देवापुढं हात जोडून आपण म्हणतो, माझं एवढं होऊ दे. ठीक! मग ते होईपर्यंत त्या हातांनी करायचं काय? ऐका तर.

खडकवाडीत अंबादास गोंधळी राहायचा. संबळ वाजवावा तर त्यानंच! दसऱ्याला देवीची पालखी सीमोल्लंघनाला निघाली, की पुढं वाजवायचा मान त्याच्या घराण्याचा. पण माघात वारं गेलं अंगावरून आणि उजवा हात लुळा पडला. दवाखान्यात सांगितलं, हात हलवत राहा. रबराचा चेंडू दिला दाबायला. यानं काय केलं? चेंडू फेकला कोपऱ्यात! म्हणे, मी काय तान्हं पोर आहे?

आणि गुढीपाडव्याला — आपण सगळेच पाडव्याला शूर असतो, हसू नका — हा गडी संबळ बांधून थेट देवळापुढं उभा राहिला. पहिल्याच ठोक्याला काडी निसटून पडली. चार माणसं बघत होती हो! घरी आला, संबळ खुंटीला टांगला आणि म्हणाला, देवीनं हात काढून घेतला. पंचांनी निरोप धाडला, दसऱ्याला जमलं नाही तर संबळाऐवजी भोंग्याचा कर्णा लावू. तेव्हापासून जेवणावरची वासनाच उडाली त्याची.

त्याची बायको कौसाबाई. ती देवीशीही भांडली नाही, नवऱ्याशीही नाही. वैशाख लागला, तिनं गव्हाचा चीक शिजवला आणि सोऱ्या नवऱ्यापुढं ठेवला. माझं मनगट धरलंय म्हणाली, जरा फिरवा. खोटं बोलली, पण असं खोटं देव माफ करतो! डाव्यानं सोऱ्या धरायचा, उजव्यानं दांडी फिरवायची. पहिल्या दिवशी कुरडया अशा पडल्या, की कावळाही लांबून बघून गेला. पण ऊन थांबतंय का कुणासाठी? रोज चीक, रोज सोऱ्या. पंधरा दिवसांत कुरडईला वेढे आले. तरी हा आपला म्हणतोच, देवीनं हात नेला. तेव्हा ती एकदाच बोलली.

"देवीनं हात नेला म्हणता, मग ह्या कुरडया कोण गाळतंय?"

 दुसऱ्या दिवशी सोऱ्या अंबादासानं आपणहून मागून घेतला.

पुढं पाऊस लागला. पोळ्यासाठी बैलांना नवे दोर हवेत, म्हणून ती अंबाडी घेऊन बसली. दोर वळायला तिनं त्यालाच बसवलं; मांडीवर वळता वळता त्याचा तळवा पसरू लागला. भादव्यात गणपती आले, सहाणेवर गंध उगाळायचं काम त्याचं. मनगट गोल फिरू लागलं. मग नवरात्रात घट बसले आणि त्यानं खुंटीवरचा संबळ स्वतः उतरवला. बाई चुलीकडं तोंड करून रडली, मंडळी. आम्हा पुरुषांना वाटतं, धूर गेला डोळ्यांत.

दसरा उजाडला. पालखी उठली. अंबादासानं ठोका धरला — पण संथ! पूर्वीची ती चाल कुठली यायला? पंचांतल्या एकानं कर्णेवाल्याला खूण केली. अंबादासानं ती बघितली. तेवढ्यात पालखीचा पुढचा भोई, म्हातारा सटवा, जागेवरच थांबला.

"आमाला घाई न्हाई," तो म्हणाला. "तू वाजव. आमी तुझ्या हातानं चालतो."

आणि खरंच, भोयांनी पाऊल आखूड केलं. त्यांच्यामागं सारा गाव तसाच चालला. शिवेवर पोचायला दिवस मावळला, पण एकही ठोका चुकला नाही! घामानं भिजलेला अंबादास बायकोजवळ आला आणि दम खात म्हणाला,

"कौसे, दिवाळीला काय करायचं?"

"करंज्या," ती म्हणाली. "कातणं फिरवायचं तुमी."

बघा! मानाचा संबळ वाजवून आलेला माणूस पुढचं काम विचारतोय. तुम्ही-आम्ही काय विचारतो? पुढचा पाडवा कधी आहे!

आज कार्तिक लागलाय. तुळशीपुढचं अंगण सारवायचंय, शेकोटीला काटक्या आणायच्यात, थंडी दाराशी येऊन उभी आहे. तुमचा गुडघा, तुमचा खांदा, तुमचं ते अर्धवट राहिलेलं काम — त्यातलं आज किती हलेल, तेवढंच हलवा. पुढचं माघात बघू. काकू, हसताय काय, तुमचाच खांदा धरलाय ना? चला, हात वर करा सगळ्यांनी. पूर्ण जात नसेल तर कानापर्यंत न्या, आई तेवढाही बघते. बोला, अंबाबाईचा उदो उदो!