केरसुणीवर बसायचं नाही

...नाही, बसायचं नाही म्हणे! अहो, उडत्या केरसुणीवरच्या खेळाचं मार्गदर्शक पुस्तक लिहिलंय मी, एकशेबारा पानं, मैदान किती उंचीवर, चेंडू कितीदा रंग बदलतो, ढगात शिरलं तर बाद कोण, सगळं आहे त्यात, आणि तुम्हाला सांगते, आमच्या सुरतेतल्या उधन्याच्या मराठी मंडळातले ज्येष्ठ काय म्हणतात, तर बसायचं नाही! बालवाचनालयासाठी पुस्तक छापणार तेच, म्हणजे ऐकून घेणं आलं... माझं पहिलं पुस्तक हो, कॉलेज सुटल्यापासून दोन वर्षं खपून लिहिलेलं!

अध्यक्ष दिलीपकाका, बँकेतून निवृत्त. चष्मा कपाळावर, पेन्सिल हातात, "सायली, पान नऊ. खेळाडू केरसुणीवर टांग टाकून बसतो. लक्ष्मीवर? दिवाळीला आपण तिला हळदकुंकू वाहतो ना गं?" मी म्हटलं, काका, ती जमिनीपासून दोनशे फुटांवर उडतेय, ते नाही खटकलं? तर म्हणतात, "उडू दे की." बघा! केरसुणी उडते, याला कुणाची हरकत नाही!

शकुंतलामावशींनी दिवेलागणीनंतरचे सामनेच रद्द केले, तिन्हीसांजेला केरसुणी हातात घेत नाहीत म्हणून. मी म्हटलं बरं, खराटा देते खेळाडूंना, खराटा तर लक्ष्मी नाही? मावशींनी नाक मुरडलं, संडास घासायच्या खराट्यावर आपली पोरं? केरसुणी उडते, याला मात्र हरकत नाही!

मग मीही हट्टाला पेटले. म्हटलं, नका छापू, पण बसल्याशिवाय उडायचं कसं तेवढं सांगा. जिंकलेच होते मी! तेवढ्यात धुडकूआप्पा, मूळचे खानदेशातले, इथे पलसाण्याच्या कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये तीस वर्षं काढलेले, एरवी बैठकीत चहापुरते जागे, शांतपणे म्हणाले, "बेटा, लक्ष्मी शे ती. हात जोड, मंग धर नि लोंबकळ. आम्ही टेम्पोले लोंबकळूनच मिलमा जायचो ना."

झालं! सगळ्यांच्या माना डोलल्या. अठ्ठावीस चित्रं परत काढली मी, रागारागानं. नियम परत लिहिले, एक हात केरसुणीला, चेंडूला उरला एकच, पाय मोकळे, मग हवेत झोका घेऊन दुसऱ्याचा चेंडू पायानं उडवला तर चालेल का, हात सुटला तर झेलायचं कुणी, आपल्याच गड्यानं की समोरच्यानंही... लिहिता लिहिता तीनदा चहा गार झाला, कळलंच नाही.

काल पुस्तक छापून आलं. बसून वाचलं अख्खं. आणि सगळ्यात वाईट काय झालंय, सांगू?

खेळ सुधारलाय हो.