फोनवरचे अपूर्णांक

एजंटांचा विषय निघालाच आहे म्हणून सांगते. नव्वदच्या आसपास मी चाळीसगावला गणित शिकवायचे. मुंबईच्या एका एजंटाने मला बोटस्वानातल्या शाळेत नोकरी लावतो म्हणून पासपोर्ट मागितला. माझ्या वडिलांना, नानांना, ते काही पटेना.

"ती शाळा खरंच शे का? पहिले त्यास्नाशी बोल, मंग पासपोर्ट दे."

बूथवरून फोन लावला. नाना शेजारीच उभे. मी काही विचारायच्या आत तिकडच्या मुख्याध्यापिकेनेच इंग्रजीत विचारलं, "तुम्ही खरंच शिक्षिका आहात? मागे एजंटाने पाठवलेल्या माणसाला साधे अपूर्णांक येत नव्हते. आत्ता मला शिकवून दाखवा."

राग आला, पण भाकरीचं उदाहरण घेऊन मी अपूर्णांकांची बेरीज शिकवली. बाई मुद्दाम चुकत होत्या, मी पुन्हा समजावत होते. बूथबाहेर लोक ताटकळले.

"या तुम्ही," शेवटी त्या म्हणाल्या.

मी नानांना सगळं मराठीत सांगितलं. वाटलं, आपल्या पोरीवर शंका घेतली म्हणून चिडतील.

"फसवणारा माणूस इतली चौकशी करत नही," नाना म्हणाले. "जाय तू."