लग्नाआधीची रक्ततपासणी

हसू नका, पण देगलूरला इतकी वर्षं दवाखाना चालवूनही एक गोष्ट सांगायला मी घाबरायचो. लग्न ठरलं की पोरापोरीने थॅलेसेमियासाठी रक्त तपासून घ्यावं. दोघांच्याही रक्तात तो दोष लपलेला असला, तर लेकराला हा रक्ताचा गंभीर आजार होऊ शकतो. पण वाटायचं, लोक म्हणतील, "आमच्या खानदानात खोट काढता का?"

गेल्या वर्षी माझे जुने पेशंट नागोराव बीपी तपासायला आले. म्हणाले, "धाकट्याचं जमलं, डॉक्टरसाब. बहिणीचीच पोरगी करून राहिलो."

नात्यातलं लग्न म्हटल्यावर मला राहवेना. घाम पुसत पुसत सगळं सांगून टाकलं. नागोरावांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग उद्या दोघांलाबी घेऊन येतो."

दोघांचेही रिपोर्ट चांगले आले. लग्नाची पत्रिका द्यायला आले तेव्हा नागोरावांनी विचारलं, "थोरल्याच्या लग्नाच्या वक्ताला का न्हाई सांगितलं हे?"

मी खरं तेच बोललो. "वाटलं, तुम्हाला समजणार नाही. राग येईल."

नागोराव खो खो हसले. "म्हंजे भेलात तुमी, अन् अडाणी ठरलो आमी!"