पाल्यापेक्षा लहान पालक

(कॉलेजातली शिष्यवृत्तीची खोली. काचेच्या खिडकीआड कारकून बाई. अलीकडे काठी टेकून उभे असलेले बाबा आणि त्यांची मुलगी.)

बाई: अहो काका, मंजूर झाली म्हणतेय ना मी! सरकारी शिष्यवृत्ती, पूर्ण फी माफ. लोक पेढे वाटतात, आणि तुमचं तोंड असं का?

बाबा: मंजूर झाली ते कळलं, मॅडम. पण कुणाला?

बाई: हिला. तुमच्या मुलीला. हे बघा ना, इथे नाव आहे. फोटोसुद्धा छान आलाय गं तुझा.

मुलगी: पण मी शिकत नाही.

बाई: सगळ्याच असं म्हणतात. परीक्षा जवळ आली की बसतात बरोबर.

मुलगी: तसं नाही हो. मी कॉलेजातच नाहीये. मी चष्म्याच्या दुकानात काम करते. शिकायचंय ते यांना.

बाई: यांना म्हणजे?

मुलगी: बाबांना.

बाई: कुणाच्या बाबांना?

मुलगी: माझ्याच. हे काय, तुमच्यासमोर उभे आहेत.

बाई: थांब, मला घोटभर पाणी पिऊ दे. काका, तुम्ही? कॉलेजात?

बाबा: पहिलं वर्ष, विज्ञान. बारावी बाहेरून दिली, पास झालो एकदाचा. प्रवेशाच्या यादीत नाव लागलंय. फी माफ झाली तर बसायचं, नाहीतर नाही. आज शेवटचा दिवस, म्हणून आलो.

बाई: मग अर्जात विद्यार्थी म्हणून हिचं नाव कशाला घातलंत?

मुलगी: आम्ही नाही घातलं! आम्ही नीट भरला होता. विद्यार्थी, बाबा. पालक, मी.

बाई: अगं बाई! तो तुमचा अर्ज होय!

बाबा: काय झालं?

बाई: तो लाल झाला होता. "पालकाचे वय विद्यार्थ्यापेक्षा कमी", असं म्हणून कॉम्प्युटरनं परत फेकला. मी म्हटलं, बापलेकीनं घाईघाईत रकाने उलटे भरले. दरवर्षी कुणीतरी असा घोळ घालतंच. मागं एकानं आईच्या नावापुढे स्वतःचंच नाव टाकलं होतं. म्हणून मी आपली नावं सुलट केली. फोटोंसकट.

मुलगी: सुलटाची उलट केलीत.

बाई: चांगल्या मनानं केलं गं! नाहीतर बाद झाला असता.

बाबा: आणि माझी गुणपत्रिका?

बाई: ती तुमच्या नावापुढे गेली. पालकाचं शिक्षण म्हणून. हिची बारावीची पालक म्हणून होतीच जोडलेली, ती हिच्या नावापुढे आली. सगळं कसं चपखल बसलं. खरं सांगू का काका, हिचे मार्क तुमच्यापेक्षा चांगले आहेत.

बाबा: ते मला माहीत आहे.

मुलगी: मग आता परत फिरवा ना. एकदा फिरवलंत तसंच.

बाई: तेव्हा मंजुरी नव्हती झाली. आता फिरवायचं तर वर पत्र पाठवावं लागेल. तिथे कोण वाचेल, कधी वाचेल, देवाला ठाऊक. त्यापेक्षा एक सुचवू? रागावू नका.

बाबा: बोला.

बाई: मंजुरी हिच्या नावावर आहे. मार्क आहेत. जागा अजून रिकाम्या आहेत. हिनंच प्रवेश घेतला तर कुणाला पत्र नको, काही नको.

मुलगी: आणि बाबा?

बाई: एका घरात एका वर्षी एकच शिष्यवृत्ती. नियम आहे.

बाबा: मग तिलाच द्या.

मुलगी: बाबा!

बाबा: बाबा काय? घरी चालून आलंय तर...

मुलगी: माझ्यासाठी नाही आलं, तुमच्यासाठी आलंय. तुमचंच पत्र चुकून माझ्या दारात पडलं म्हणून मी फोडून वाचत बसू?

बाबा: तू शहाणी आहेस. तुझं वय आहे. मी काय, काठी घेऊन पोरांच्यात बसणार. हसतील.

मुलगी: हसू देत. वर्षभर पहाटे उठून पाढे म्हटल्यासारखी ती सूत्रं पाठ करत होतात, मी झोपेत ऐकायची. मला अजून पाठ आहेत. ते सगळं कशासाठी केलंत?

बाई: काका, विचारते म्हणून राग मानू नका. या वयात विज्ञान का सुचलं?

बाबा: मी लिफ्ट दुरुस्त करायचो, मॅडम. आख्खं आयुष्य त्या खड्ड्यात गेलं. एक पायही तिथेच गेला म्हणा. लिफ्ट अडकली की मी जायचो, हात फिरवायचो, ती चालायची. आतून बाहेर पडलेली माणसं विचारायची, का अडकली हो? मला चालू करता यायची, सांगता यायचं नाही. मी म्हणायचो, झालं असेल काहीतरी. तेवढंच म्हणत आलो. आता पाय नाही तर निदान ते तरी समजून घ्यावं.

बाई: बरं. पण तू, पोरी? तुला नाही शिकायचं?

मुलगी: नाही.

बाई: खरंच?

मुलगी: मला दुकान आवडतं. लोक नंबर बरोबर निघाला की कसे बघतात माहितीये? जणू मीच डोळे दिले. मला नाही शिकायचं काही. तुम्ही पत्राचं सांगा.

बाई: पत्र म्हणजे दुरुस्तीचा अर्ज. तोही विद्यार्थ्यानं स्वतःच्या हातानं लिहायचा. चुकीनं नावांची अदलाबदल झाली, आणि आपला पालक कोण, का, ते लिहायचं. मग मी शेरा मारते. तोवर काका वर्गात बसू शकतात, त्याला कुणी अडवत नाही.

बाबा: मी माझा मीच पालक, असं लिहिलं तर?

बाई: स्वतः असा पर्यायच नाही. वडील, आई, काका, मामा, नवरा, इतर.

बाबा: मग इतर.

बाई: इतर म्हटलं की विचारतो, इतर म्हणजे कोण. आणि का.

बाबा: त्यात का काय? ही पालक, कारण मोबाइल हिचा आहे. नंबर ज्याचा तो पालक. हीच म्हणाली मला.

बाई: असं म्हणाली?

मुलगी: म्हणजे... साधारण तसं.

बाई: अगं, नियमात स्पष्ट आहे. ज्याच्या कमाईवर घर चालतं तो पालक.

बाबा: मग हे का नाही सांगितलंस?

मुलगी: काय फरक पडतो? रकाना भरायचा होता, भरला.

बाबा: मीपण कमावतो. शेजारपाजारचे पंखे, मिक्सर, इस्त्र्या, सगळं माझ्याकडेच येतं.

बाई: त्यावर घर चालतं?

मुलगी: चालतं. थोडं चालतं.

बाई: थोडं चालत नाही गं. तिथे एकच नाव लागतं.

मुलगी: बाई, तुम्ही "आजारपणामुळे" असं काहीतरी घाला ना. त्यांना ते लिहायला नका लावू.

बाई: मी काय घालू? एकदा घातलं त्याचं हे झालं. हा घ्या कोरा कागद. ज्याचं त्यानं लिहावं.

बाबा: पेन दे.

मुलगी: बाबा, आपण उद्या येऊ. मी विचारते कुणाला तरी.

बाबा: आज शेवटचा दिवस आहे. पेन दे म्हणतो ना. आणि मागे हो जरा, मानेवर श्वास घेऊ नकोस. तू पेपर लिहिताना कुणी तुझ्या मानेवर बसायचं का?

बाई: बस गं त्या बाकावर. लिहू दे त्यांना.

मुलगी: हे वर खरंच वाचतात का?

बाई: वाचतात म्हणायचं. गेल्या वर्षी एक दुरुस्ती झाली होती. दोन अडकल्या.

मुलगी: का अडकल्या?

बाई: झालं असेल काहीतरी.

बाबा: हे घ्या मॅडम. अक्षर जरा वाकडं आहे.

बाई: बघू. "मी खालील सही करणार, विज्ञान शाखा, पहिले वर्ष. माझ्या अर्जात चुकीने माझ्या मुलीचे नाव विद्यार्थी म्हणून लागले आहे. विद्यार्थी मी आहे. आमचे घर माझ्या मुलीच्या कमाईवर चालते, तिचे वय माझ्यापेक्षा कमी असले तरी. म्हणून ती माझी पालक आहे. कृपया दुरुस्ती व्हावी." छान. मुद्देसूद आहे की. आणि हे खाली काय? "पुढील वर्षी ती स्वतः अर्ज करणार आहे, तेव्हा तिचे नाव विद्यार्थी म्हणूनच ठेवावे." अहो काका, हे कशाला? याचा या दुरुस्तीशी काही संबंध नाही. वरचे लोक उगाच गोंधळतील. खोडते मी.

मुलगी: नको. राहू द्या ते.